कृपेनंतरचे कर्तव्य

मनुष्य धर्मात 'वाढतो' म्हणजे नेमके काय होते? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा पायऱ्यांच्या भाषेत दिले जाते. आज जप, उद्या व्रत, परवा वैराग्य. अशी एकेक पायरी चढत साधक देवाजवळ पोहोचतो. ख्रिस्ती धर्मातील लुथरपंथाने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाती घेतला आहे. गोमंतकात ख्रिस्ती धर्म म्हटला की रोमन कॅथॉलिक परंपराच डोळ्यांपुढे उभी राहते. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरले तेव्हा मार्टिन लुथर जर्मनीत हयात होता. परंतु त्याच्या पंथाचे मिशन हिंदुस्थानात आले ते १७०६ साली, तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीस. म्हणून त्याचा विचार थोडा मुळापासून पाहू.

लुथर हा आरंभी आमच्याच व्यवसायाचा उमेदवार. १५०५ साली एर्फुर्ट येथे त्याने कायद्याचा अभ्यास सुरू केला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये वाटेत जवळच वीज कोसळली. भयाने त्याने संन्यासी होण्याचा नवस केला आणि पंधरवड्याच्या आसपास मठात प्रवेशही केला. उपास, जागरण, पापांची कबुली, कशातही त्याने कसूर केली नाही. तरी मनास स्वस्थता नव्हती. कारण एवढे पुरे, असे सांगणारे कोणी नव्हते. आपल्या प्रत्येक सत्कृत्याच्या तळाशी त्याला शिक्षेची भीती किंवा पुण्याचा लोभ दिसे. पुढे पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राचे मनन करिता त्यास उमगले, की ज्या नीतिमत्त्वाची आपण धास्ती घेतली, ते देव मनुष्याकडून वसूल करीत नाही. विश्वास ठेवणाऱ्यास तो ते ख्रिस्ताकरवी दान देतो.

येथे वकिलाच्या मनात शंका उभी राहते. अपराध शाबीत झालेल्यास निर्दोष ठरविले, तर कायद्याची बूज काय राहिली? आणि सुटका अगोदरच झाली असेल, तर सन्मार्गाने चालण्याचे कारण काय?

आम्हांस वाटते, येथे फौजदारी कोर्टापेक्षा दत्तकविधानाचा दृष्टान्त अधिक उपयोगी पडेल. तो पौलानेही वापरला आहे. गोव्याचा दिवाणी कायदा निराळा असला, तरी १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा पुष्कळांस ठाऊक आहे. त्यान्वये विधी झाला त्या दिवसापासून मूल त्या घरचे होते आणि वैध दत्तक पुढे कोणासही रद्द करता येत नाही. पुत्रत्व ही परीक्षेअंती मिळणारी पदवी नव्हे. मात्र त्या घरची रीत, बोली आणि जबाबदारी अंगी बाणण्यास सारा जन्म लागतो. लुथरपंथीय ज्यास वाढ म्हणतात ती हीच. दृष्टान्ताला मर्यादा आहे. विश्वासच टाकून दिला तर मनुष्य घराबाहेर पडू शकतो, असे लुथर मानी. परंतु क्रम तोच: आधी नाते, मग आचरण.

हा विचार आपल्यास अगदी परका नाही. श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेंकलै यांचा जुना वाद आहे. माकडीच्या पोटाला पिलू स्वतः घट्ट बिलगते. मांजरी आपल्या पिलास तोंडात धरून नेते. जीवाचा उद्धार यांपैकी कोणत्या न्यायाने होतो? रुडॉल्फ ओटो या लुथरपंथीय पंडिताने १९३० साली भारतातील कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या साम्यामुळेच. त्याने भेदही दाखविले, आणि ते झाकून ठेवण्यात कोणाचाच लाभ नाही.

मग वाढ दिसते कोठे? लुथरने १५२९ साली कुटुंबप्रमुखांसाठी लहान प्रश्नोत्तरी लिहिली. चोरी करू नये, या आज्ञेचा अर्थ तेथे केवळ हात आवरणे एवढाच नाही. शेजाऱ्याची मालमत्ता व उपजीविका राखण्यास साहाय्य करणे हाही आहे. खोटी साक्ष देऊ नये, याचा अर्थ शेजाऱ्याच्या वर्तनाचा शक्य तितका चांगला अर्थ लावणे. कोर्टकचेरीत वावरणाऱ्या आम्हांस ही दुसरी आज्ञा फार जड वाटते! १५२२ साली विवाहावर लिहिताना, विश्वासाने मुलाची बाळोती धुणाऱ्या बापाचे कामही देवास प्रिय असल्याचे त्याने सांगितले. स्वतः पंडित असूनही आपण ही प्रश्नोत्तरी रोज मुलासारखी घोकतो, असे तो म्हणे. म्हणजे वाढ ही आरंभाला मागे टाकून जाणे नव्हे, आरंभाकडे दररोज परतणे होय.

तथापि सिद्धान्त मांडणे आणि त्यात वाढणे यांत किती अंतर असते, याची साक्ष लुथरचे चरित्रच देते. १५२५ साली त्याने बंडखोर शेतकऱ्यांना निर्दयपणे चिरडण्यास राजेलोकांस सांगितले. १५४३ साली यहुद्यांविरुद्ध विषारी पुस्तक लिहिले. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लुथरन चर्चने १९९४ साली त्या यहूदीविरोधी लेखनाचा जाहीर धिक्कार केला. कृपा स्वस्त समजण्याचा धोकाही पंथातूनच सांगितला गेला. डीट्रिख बॉनहोफर या पाळकाने १९३७ साली त्यावर ग्रंथ लिहिला आणि नाझी सत्तेला विरोध केल्यामुळे १९४५ च्या एप्रिलमध्ये तो फासावर गेला.

कृपा प्रथम की कर्तव्य प्रथम, या वादावर लुथरन व कॅथॉलिक चर्चनी १९९९ साली ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. कृपेवाचून तारण नाही आणि कृपा मनुष्यास सत्कर्मास प्रवृत्त करते, एवढे दोघांसही मान्य झाले. आम्हां देवळाच्या वाटेवरील मंडळींस यातून एक प्रश्न घेण्यासारखा आहे. देणगी, सेवा, पालखीला दिलेला खांदा, हे सारे आपण देवाच्या खाती जमा करण्यासाठी करतो, की त्याचे आपण आधीच झालो आहोत म्हणून? पहिल्या वृत्तीत हिशेब कधी मिटत नाही आणि मानपानाचे तंटे आमच्या दप्तरी येतात. दुसऱ्या वृत्तीत मागे उरतो तो फक्त शेजारी आणि त्याची गरज.