अमुकाच्या जागी

पूजेच्या पोथीत संकल्पाच्या ओळीत यजमानाच्या नावाच्या जागी ‘अमुक’ असे छापलेले असते. सदाशिव पेठेतल्या एखाद्या घरी सत्यनारायण असेल तर गुरुजी तिथे यजमानाचे गोत्र आणि नाव घालतात, तेही योग्य विभक्तीत. तिथी आणि वार रोज बदलतात, संवत्सराचे नाव गुढीपाडव्याला. गोदावरीच्या दक्षिण तीराचा उल्लेख मात्र पुण्यात कायम राहतो, कारण शहर त्याच बाजूला आहे. घाईत एखाद्याने ‘अमुक गोत्र’ असेच म्हटले की जमलेल्यांत खसखस पिकते.

संगणकाच्या प्रोग्राममध्येही हेच काम असते: उघडणारा टॅग आणि बंद करणारा टॅग यांच्यामधला मजकूर काढायचा, दुसरा घालायचा, टॅगना हात लावायचा नाही. इथली नेहमीची चूक म्हणजे हावरा शोध. तो पहिल्या उघडत्या टॅगपासून थेट शेवटच्या बंद टॅगपर्यंत सगळे गिळतो; दोन नावे बदलायची असतात आणि मधला सगळा विधीच जातो.

मजकूर बदलला, तर मंत्र तोच राहतो का? वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. अशा बदलाला ते ‘ऊह’ म्हणतात. जैमिनीच्या सूत्रांचा नववा अध्याय मुख्यतः त्यावर आहे. (पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने ही सूत्रे शाबरभाष्यासह छापली आहेत.) मूळ याग ती ‘प्रकृती’ आणि तिच्या नमुन्यावर बेतलेला याग ती ‘विकृती’. प्रकृतीत अग्नीला आहुती असेल आणि विकृतीत सूर्याला, तर ‘अग्नये’ काढून ‘सूर्याय’ म्हणायचे. पण प्रकृतीत ऊह नाही. दर्शपूर्णमास या मूळ यागातल्या एका मंत्रात पत्नी एकवचनी आहे. यजमानाला दोन पत्नी असल्या तरी तिथे द्विवचन करायचे नाही. वस्तुस्थिती जुळत नाही म्हणून पाठ दुरुस्त करण्याचा अधिकार कोणालाच नाही. आजच्या वाचकाला हा हट्ट वाटेल, पण पाठ अपौरुषेय मानला की दुसरा मार्ग उरत नाही.

मग आत घातलेल्या शब्दाचे काय? जैमिनीच्या दुसऱ्या अध्यायात उत्तर स्पष्ट आहे: ऊहाने आलेला शब्द, प्रवर (कुळातल्या ऋषींची नावे) आणि यजमानाचे नाव हे मंत्र नव्हेत, कारण परंपरेने आलेल्या पाठात ते नाहीत. खुणांमधली जागा पाठाने दिलेली, भरणा माणसाचा. एकाच श्वासात उच्चारलेल्या वाक्यात ही सीमारेषा कानाला कळत नाही. तरी ती आहे, असे शास्त्र म्हणते.

वैयाकरणांची अडचण वेगळी. पाणिनीच्या व्याकरणात एका रूपाच्या जागी दुसरे येते. जुने ते ‘स्थानी’, नवे तो ‘आदेश’. आदेशाला स्थानीचे हक्क मिळतात, पण वर्णांवर अवलंबून असलेल्या कार्यात नाहीत. पतंजलीने यासाठी व्यवहारातला दाखला दिला आहे: गुरुपुत्राशी गुरूसारखे वागावे, मात्र त्याचे उष्टे खाऊ नये आणि त्याचे पाय धरू नयेत. पण शब्द नित्य असेल, तर त्याचा तुकडा काढून दुसरा बसवणार कसा? पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतर वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी केले, ते पुण्याच्याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीने काढले. त्यात ही चर्चा मराठीतून वाचता येते. पतंजलीचे म्हणणे असे की काहीच तोडले जात नाही. एका अख्ख्या शब्दाच्या जागी दुसरा अख्खा शब्द समजला जातो. बदलते ती बुद्धी.

पायथन किंवा जावा वापरणाऱ्याला हे अनोळखी वाटू नये. त्या भाषांत स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. टॅगमधला मजकूर ‘बदलला’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात नवी स्ट्रिंग बनते आणि जुनी होती तशीच राहते.