‘आमचा’ प्रवास

चौकातला तो फ्लेक्स या आठवड्यात तुम्हीही पाहिला असेल. मुलाचा स्काउटच्या गणवेशातला फोटो कोपऱ्यात, रेल्वेच्या पासवर चिकटवतात तेवढा. मधोमध हात जोडलेले वडील, खाली शुभेच्छुकांच्या चार रांगा. फ्लेक्सचा मला राग आहे आणि तो मी या जागेवर कितीदा तरी बोलून दाखवला आहे. पण यावेळी डोक्यात गेला तो त्यावरचा एक शब्द. ‘आमचा प्रवास : प्रवेश ते राज्य पुरस्कार.’

आमचा?

हा ‘आम्ही’ हल्ली पालकांच्या तोंडातून हलायलाच तयार नाही. ‘यंदा आमची दहावी आहे.’ ‘आम्ही सायन्स घेणार.’ दहावीचा पेपर आई लिहीत नाही, त्यामुळे तिथला ‘आम्ही’ निदान बोलण्यापुरताच राहतो. स्काउटमध्ये मात्र तो खरा होऊन बसला आहे. फ्लेक्स पाहिला त्याच दिवशी दूध आणायला गेले, तर ओळखीच्या एक बाई कौतुकाने सांगत होत्या, ‘खरी कमाई तर आम्ही एका संध्याकाळीच उरकली. ह्यांनी पाचशे रुपये दिले, आणि सह्या किराणावाल्या काकांनी केल्या.’ बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा खाली गेला नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

खरी कमाई कशी करायची असते? मुलाने गणवेश घालून दारोदार, दुकानात, गॅरेजात जायचं आणि काम मागायचं. मिळेल ते करायचं. समोरचा देईल तेवढे पैसे घ्यायचे आणि कार्डावर तारीख, काम, रक्कम लिहून काम देणाऱ्याची सही घ्यायची. ब्रिटनमधल्या स्काउटांनी १९४९ साली असाच उपक्रम ‘बॉब-अ-जॉब’ नावाने सुरू केला होता. बॉब म्हणजे एक शिलिंग. आपलं नाव मला त्याहून कितीतरी आवडतं, कारण त्यात ‘खरी’ आहे. तो शब्द गेला की उरते नुसती रक्कम, आणि ती बापाच्या खिशात आधीपासूनच होती.

बाईंना मी विचारलं, की मग मुलाने काय केलं? उत्तर तयार होतं. ‘अहो, केलं ना त्यानेच सगळं. आम्ही फक्त थोडी मदत केली.’

वेळ मिळत नाही, क्लास असतात, दहावीला सवलतीचे गुण मिळतात, सगळेच करतात... ही कारणं मी ऐकते आणि सोडून देते. सांगणाऱ्यालाही ती पुरती पटलेली नसतात. मदतीचं कारण मात्र त्याला मनापासून पटलेलं असतं, म्हणून त्या कारणाशी मला भांडायचं आहे.

ही थोडी मदत किती असते ते बघा. लॉगबुक आईच्या अक्षरात. गाठींचा तक्ता बाजारातला, थर्माकोलवर चकचकीत नायलॉनच्या तयार गाठी चिकटवलेला. मुलाच्या हातात दोरी दिली, तर रीफ नॉट आणि शीट बेंड यांत फरक काय, हे त्याला सांगता येत नाही. हाइकला मुलं पुढे चालतात आणि मागून गाडी, गाडीत गार पाणी आणि सँडविच. गळ्यातल्या स्कार्फला मागे वेलक्रो, म्हणजे घडी घालायला नको. अहो, तो स्कार्फ म्हणजे त्रिकोणी फडकं आहे. कोणाचा हात मोडला तर झोळी करायला, डोकं फुटलं तर बांधायला तो गळ्यात असतो. वेलक्रो लावून तो शिवून टाकला की मुलाच्या गळ्यात उरते ती नुसती शोभा. शिबिरात चूल पेटत नाही म्हटल्यावर कुंपणाबाहेरून डबे आत जातात. या सगळ्यातून आई-वडिलांची मदत वजा केली, तर मुलाच्या वाट्याला गणवेश घालून फोटोला उभं राहणं एवढंच येतं.

मदत कशाला म्हणतात, हे खरं तर स्काउटमध्येच शिकवतात. रोज एक सत्कृत्य करायचं असतं. ते विसरू नये म्हणून स्कार्फला एक गाठ मारून ठेवा, असं ही चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी मुलांना सुचवलं होतं. मदत अडलेल्याला करायची. जो शिकायलाच आला आहे, त्याच्या हातचं काम काढून घेण्याला मराठीत हिरावून घेणं म्हणतात. पोराला पोहायला शिकवायचं म्हणून बाप एकटाच विहिरीत उतरला आणि पोहून वर आला, तर पोराला पोहता येईल का? विहिरीच्या काठावर हे कोणालाही कळतं. लॉगबुक समोर आलं की कळेनासं होतं.

शिवाय ती सही. स्काउटच्या नियमांतला पहिलाच नियम विश्वासार्हतेचा आहे. मुलगा तीन बोटं उभारून वचन देतो आणि त्यानंतर काही महिन्यांनी आपल्याच वडिलांना खोटी सही घेताना बघतो. घरात कोणी रागावत नाही, उलट पेढे येतात. मुलगा त्यातून काय शिकतो ते त्याला शब्दांत सांगता येणार नाही, पण तो शिकतो.

मोठ्यांनी मागे राहायचं, ही या चळवळीची मूळ रचना आहे. १९०७ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरलं, तेव्हा वीस मुलं होती. काही बड्या शाळांमधली, काही कष्टकऱ्यांच्या घरची. त्यांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीचा नायक मुलांमधलाच नेमला. आपल्याकडे १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, पण तेव्हा भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स ही एक संघटना झाली. मुलींच्या गाईड्स पुढच्या वर्षी त्यात आल्या. आपल्या मुलांना स्वतःच्या हिमतीवर उभं राहता यावं म्हणून त्या माणसांनी केवढी खटपट केली. आणि आता आत आलेल्या मुलाला आपण उभंच राहू देत नाही!

माझा मुलगा पाचवीत स्काउटमध्ये गेला. पहिल्या खऱ्या कमाईला त्याने सायकलच्या दुकानात काम मागितलं. मी दोनदा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा तो रॉकेलमध्ये चेन धूत होता. दुसऱ्यांदा दुकानदार त्याच्यावर ओरडत होता, कारण पान्हा जागेवर ठेवला नव्हता. पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. मला रस्ता ओलांडून जावंसं वाटलं. समोर येणाऱ्या एसटीने अडवलं आणि ती गेल्यावर पाहिलं, तर तो पुन्हा खाली बसून कामाला लागला होता. मी परत फिरले.

संध्याकाळी बावीस रुपये घेऊन आला. दहाच्या दोन नोटा आणि दोनाचं नाणं. कार्डावर सहीशेजारी ग्रीसचा काळा अंगठा उमटलेला आणि त्याखाली दुकानदाराने लिहिलेलं, ‘काम हळू करतो. पण पुसून ठेवतो.’ पुढे त्याला प्रमाणपत्रं मिळाली, त्यांचाही आनंद झाला. पण त्या एका ओळीने मला जे वाटलं, ते तसं पुन्हा वाटलं नाही.

म्हणून मी शहाणी होते असं नाही. राज्य पुरस्काराच्या आधीची पायरी असलेल्या तृतीय सोपानच्या चाचणीच्या आदल्या रात्री त्याचं लॉगबुक अपुरं होतं. शिबिराहून दमून आलेला, लगेच झोपला. अकरा वाजता मी पेन घेऊन बसले आणि चार पानं वळणदार अक्षरात लिहून काढली. सकाळी त्याने वही उघडली, पानं उलटली आणि म्हणाला, ‘आई, हे अक्षर माझं नाहीये.’ चिडला नाही. ब्लेडने ती चार पानं अलगद कापली आणि अपुरीच वही घेऊन गेला. परीक्षकांनी त्याला पुढच्या खेपेला ये म्हणून सांगितलं. बरोबरच्या मुलांना राज्य पुरस्कार मिळाला, त्याला त्यानंतर वर्षाने मिळाला. राष्ट्रपती पुरस्कार राहूनच गेला.

ते वर्ष मला फार लागलं होतं. शेजारी विचारायचे, की तुमच्या मुलाचं काय झालं? मी उत्तर द्यायचं टाळत असे. आज कोणी विचारलं तर मी त्या चार पानांची गोष्ट सांगते. ती सांगताना माझा गळा भरून येतो, आणि येऊ द्यावा असंच मला वाटतं. हा अभिमान आहे. तो माझा आहे. प्रवास त्याचा होता.

फ्लेक्सवरच्या त्या मुलावर माझा काडीचाही राग नाही. चौदा वर्षांच्या पोराने वडिलांना थांबवायचं तरी कसं? चांगला मुलगा आहे, जिन्यात भेटला की माझ्या हातातली पिशवी घेतो, आणि ती कोणी त्याला घ्यायला लावलेली नसते. रविवारी सत्कार आहे, मला बोलावणं आलं आहे. जाणार आहे मी. त्याच्यापुढे डावा हात करणार. स्काउट डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, तेवढं त्याला नक्की येत असेल. आणि मग विचारणार, की सायकलवाले काका अजून त्याच दुकानात आहेत, शनिवारी त्यांना एक पोरगा हवा आहे, येतोस का?

एकटाच ये म्हणावं.