राजम्याचे प्रथिन आणि वाटाण्याचा भुंगा

"भुंगासुद्धा देवानेच निर्माण केला का?" असे शब्बाथ शाळेत एका मुलाने विचारले. घरच्या हरभऱ्याला पडलेली भोके त्याने पाहिली होती. मी होय म्हणालो. पण एवढ्याने प्रश्न संपत नाही. धान्याला एरंडेल चोळणाऱ्या, त्यात कडुलिंबाचा पाला घालणाऱ्या आपल्या आयाआज्यांनी निर्माणकर्त्याचा अनादर केला, असे कोण म्हणेल?

मग याच्या पुढे किती जावे? राजम्याच्या दाण्यात एक प्रथिन असते. किडीच्या पोटात पिष्ट पचविणारा जो पाचकरस असतो, त्याला ते निकामी करते. अळी भरल्या ताटावर उपाशी मरते. ऑस्ट्रेलियातील सरकारी संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात या प्रथिनाचे जनुक वाटाण्यात घातले, आणि वाटाणा भुंग्यापासून वाचला. विषारी फवारा नको, वनस्पतीचीच देणगी! ख्रिस्ती मनाला हे सहज पटते. परंतु कच्चा राजमाही नैसर्गिकच आहे, आणि तो नीट न उकळता खाल्ला तर उलट्या होतात.

२००५ मध्ये उंदरांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो वाटाणा खाल्लेल्या उंदरांच्या शरीराने त्या प्रथिनाला शत्रू मानले; फुप्फुसांना सूज आली. वाटाण्यात तयार होताना प्रथिनाची घडण किंचित बदलली होती. सुमारे दहा वर्षांचे काम संशोधकांनी थांबविले. पुढे २०१३ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांना साधा राजमा दिलेल्या उंदरांतही तसाच परिणाम आढळला.

म्हणजे थांबणे चुकले का? मला तसे वाटत नाही. शेजाऱ्याच्या ताटात काय वाढायचे, हा तो प्रश्न होता, आणि शंका असताना वाढू नये. आदामाला बाग राखण्यासाठी ठेवले होते, तेव्हा सृष्टीला हात लावणे हेच पाप, असे मी मानीत नाही. राखणदाराने थांबावेही लागते, इतकेच.

मात्र थांबण्याची किंमत संशोधकच देतात असे नाही. ज्याचे बियाणे कणगीतच पोखरले जाते, तोही आपला शेजारी आहे. हेच प्रथिन हरभऱ्यात घालण्याचे प्रयोगही झाले आहेत, त्यांत आसामच्या कृषि विद्यापीठातील शास्त्रज्ञांचा भाग होता. त्या शेतकऱ्याला "अजून थोडे थांब" असे आपण सांगतो, तेव्हा आपल्या घरचा डबा बहुधा भरलेला असतो.