जरा दमानं

थंडीत राजूरला पहाट अंगावरच येते. आजी जाग्या होतात, पण गुडघे जागे होत नाहीत. खाटेच्या कडेवर हात टेकून त्या नुसत्याच बसून राहतात. आतून हाक येते, 'आजी, आवरा ना!'

जरा दमानं.

रात्रभर सांधा हलत नाही. आतला चिकट द्रव दाटतो, स्नायू आखडतात. हालचाल झाली की सांधा मोकळा होतो. म्हणून अंथरुणातच घोटे फिरवा. गुडघा वाकवा, सरळ करा. कोमट शेक घ्या. मग उठा. जरा दमानं.

डांगी बैलाला उठल्या उठल्या कुणी औताला जुंपत नाही. मग घरच्या म्हाताऱ्या माणसालाच घाई कशाला? मला तर तो त्यांचा अपमानच वाटतो.

सांध्याच्या झिजेमुळे आलेला आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. तासाहून जास्त राहिला, सांधा सुजला, गरम लागला, तर 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून मनानंच रोज घेऊ नका. ती पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधू शकते.