शंका आणि समाधान

मराठीत ‘समाधान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मनाची तृप्ती, दुसरा शंकेला मिळालेले उत्तर. पंडिता रमाबाईंनी दोन्हींसाठी आयुष्यभर वाट तुडवली.

त्यांचा जन्म 1858 सालचा. ऐन तारुण्यात दुष्काळाने आई, वडील आणि बहीण ओढून नेली. उरलेल्या भावाबरोबर पुराणे सांगत त्या देशभर पायी हिंडल्या. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. दोन वर्षांत भाऊ गेला, 1882 साली पती गेले. पदरी तान्ही मनोरमा. शास्त्रे मुखोद्गत होती, पण स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाची वाट कोणती, याचे उत्तर त्यांना त्या शास्त्रांत सापडेना.

ते दिसले लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका आश्रमात. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या होत्या आणि वाँटेज गावच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांना तिथे नेले होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या काही स्त्रिया तिथे सावरल्या होत्या आणि आता स्वतः आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. एवढी माया येते कुठून, असे रमाबाईंनी विचारले. एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणारा येशू. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

प्रश्न मात्र संपले नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून खडाजंगी केली. कुणी सांगितले म्हणून मान तुकवणे त्यांना जमणारे नव्हते. 1889 साली मुंबईत त्यांनी विधवा मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्याला आले आणि 1893च्या सुमारास धर्मांतराच्या वादात सापडले. पालकांनी मुली काढून नेल्या. बाप्तिस्मा घेताना आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटला तो काही वर्षांनी, अशी कबुली त्यांनी 1907 सालच्या आत्मनिवेदनात दिली आहे.

ती भेट देवघरात कोंडून राहिली नाही. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भुकेने खंगलेल्या मुलींमध्ये त्यांना आपलेच जुने दिवस दिसले असतील. त्या मुलींना त्यांनी केडगावच्या माळावर आणले. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, माग चालू झाले, अंध मुली ब्रेल वाचू लागल्या. 1900च्या सुमारास तिथल्या ‘मुक्ती’ आश्रमात सुमारे दीड हजार जणी राहत होत्या. फुलहॅममध्ये पाहिलेले काम केडगावात ‘कृपासदन’ होऊन उभे राहिले.

अशा माणसाचे समाधान म्हणजे सुखाची झोप नव्हे. दुःख सरले म्हणून ते आले नाही. 1921 साली मनोरमाही गेली, जिच्या हाती मुक्तीचा कारभार जायचा होता. रमाबाई पुन्हा कामाला बसल्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, आणि ते भाषांतर पुरे व्हायचे होते. श्रद्धेने त्यांना कामाचे बळ दिले. कामाने ती श्रद्धा रोज पारखून घेतली.

5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळवले होते मुक्तीतल्या स्त्रियांनी.