गढीची माती आणि सौंदर्याचा हिशेब

वास्तूचे सौंदर्य तिच्यामागील विषम सत्तासंबंधांपासून अलग करून आस्वादता येते काय, हा प्रश्न इंग्रजी समीक्षेत जमीनदारांच्या ग्रामीण प्रासादांच्या निमित्ताने पुढे आला. अशा प्रासादांच्या स्तुतिपर कवितेतून राबणारे हात कसे नाहीसे केले जातात, हे रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’मध्ये (१९७३) दाखविले. जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’मधील घराची सुव्यवस्था अँटिग्वातील मळ्यांशी निगडित आहे, याकडे एडवर्ड सैद यांनी १९९३ मध्ये लक्ष वेधले. वऱ्हाडात हाच प्रश्न देशमुखांच्या गढीपाशी उभा राहतो.

गावातील उंचवटा, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, बुरूज, देवडी, आत चौक आणि धान्याची पेवे ही गढीची ओळख. ही रचना केवळ निवासाची नव्हे, अधिकाराचीही आहे. परगण्याच्या सारावसुलीची जबाबदारी वतनदार देशमुखाकडे असे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढच्या दशकात रयतवारी जमाबंदी सुरू झाली आणि वसुलीतील देशमुखाचे मध्यस्थपण संपले. गढीचा दरारा काही काळ टिकला. त्याचे प्रयोजन मात्र सरले.

या ऱ्हासाची करुणा मराठी साहित्याने ओळखली आहे. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) विदर्भातील देशपांडे कुटुंबाचा वाडा ढासळतो. परंतु हे नाटक निव्वळ विलापिका होत नाही. शिक्षण नाकारले गेलेली प्रभा त्या प्रतिष्ठेची किंमत घरातूनच सांगते. तरीही नाटकाचे अवकाश वाड्याच्या आतले आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिकला ढासळावा असा वाडाच नाही. ऱ्हासाची शोकात्मता भोगण्यासाठीही आधी काही असावे लागते, हे या दोन संहिता शेजारी ठेवल्या की जाणवते.

म्हणून गढीचे सौंदर्य नाकारावे काय? तसे केल्यास दुसरा अन्याय घडतो. भिंत रचणारा गवंडी आणि खांब घडविणारा सुतार वतनदार नव्हते. वास्तूत जे सुंदर आहे ते त्यांच्या कौशल्याचे आहे. सौंदर्य नाकारणे म्हणजे त्यांना पुन्हा एकदा अदृश्य करणे होय. उलट, त्या सौंदर्याचे सारे श्रेय मालकाच्या रसिकतेला देणे हीही तशीच विस्मृती आहे. नैतिक आस्वादाला दोन्ही जमेस धरावे लागतात: कौशल्य कोणाचे आणि त्याचा उपभोग कोणाचा.

पडक्या गढ्यांची पांढरी माती गावकऱ्यांनी खत म्हणून शेतात नेली आहे. वारसा जपणाऱ्याला हा विध्वंस वाटेल आणि त्याचे दुःख खोटे नाही. परंतु ती माती मुळात गावाचीच होती, एवढे त्या दुःखालाही ठाऊक असले पाहिजे.