दोन पांढरे


आज गीतेचा दुसरा अध्याय, श्लोक ४१. निश्चयी बुद्धी एकच असते. ज्यांचा निश्चय नाही त्यांच्या बुद्धीला अनंत फांद्या फुटतात. भगवंतांचा रोख स्वर्गाच्या आशेने कर्मकांडात गुंतलेल्यांकडे आहे, पण मला आज माझीच खोली दिसली.

आईसाठी आतली खोली रंगवायची आहे. मोतिया की साय, एवढाच प्रश्न. खोली उत्तरेकडची, थेट ऊन येत नाही. अशा उजेडात मोतिया जरा राखाडी वाटतो, सायीत पिवळसर ऊब राहते. पांढऱ्या एलईडीखाली पुन्हा वेगळंच. भिंतीवर दोन चौकोन रंगवून घेतले, दोन-दोन हात देऊन. सकाळी फोटो, रात्री फोटो. नऊ दिवस! (आमच्या कामातही नवी शाखा उघडायला सेकंद लागतो. ती मुख्य कोडमध्ये विलीन करताना घाम फुटतो.) रंगारी म्हणाला, "साहेब, सामान लागलं की भिंत कोण बघतंय?"

मी स्वतःला सांगत होतो, आईचं प्रेम आहे म्हणून एवढी काळजी. काल बायकोने शांतपणे विचारलं, "रंग ठरत नाहीये, की आईंची तारीख?"

काही बोललो नाही. खरं होतं ते. रंग ठरला की काम होणार, काम झालं की आई येणार, कायमची. मग टीव्हीचा आवाज, जेवणाच्या वेळा, माझं रात्रीचं काम, सगळंच बदलणार. त्याची भीती मी भिंतीवर फासत बसलो होतो. आणि तिथे आई मोतीबिंदूचं ऑपरेशन "तुझ्याकडे आले की करू" म्हणून थांबलेली. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंगच पिवळट होतं, पांढरंही पिवळं दिसतं. म्हणजे ज्या छटेवर मी नऊ दिवस घालवले, ती तिला दिसणारच नव्हती.

माऊली या श्लोकावर दिव्याच्या ज्योतीचा दृष्टांत देतात. ज्योत लहान, पण उजेड मोठा. तशी सद्बुद्धी थोडी असली तरी तिला कमी लेखू नये. मी ही ओवी मोठ्या संकटांसाठी राखून ठेवली होती.

रात्रीच रंगाऱ्याला फोन केला. म्हटलं, दुकानात तयार असेल तो आणा. साय मिळाली. मग आईला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, पण रंग झाला का?"

"रविवारी न्यायला येतो," म्हणालो. आज डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे.